कादंबरी स्वतः छापू का, आणि नोकरी सोडू का?

अंबाजोगाईजवळच्या एका जिल्हा परिषद शाळेतल्या शिक्षिकेचं मला पत्र आलं आहे. त्यांचे आईवडील ऊसतोडीला जायचे. दसरा झाला की टोळी निघायची आणि त्या स्वतः गावात आजीजवळ राहायच्या. मागे राहिलेल्या पोरांच्या त्या पाच-सहा महिन्यांवर त्यांनी कादंबरी लिहिली आहे. हाताने लिहिलेली ३४० पानं. एका प्रकाशकाने छापायचे ८५ हजार रुपये मागितले, दुसऱ्याकडे हस्तलिखित आठ महिने पडून आहे. त्यांचे प्रश्न असे: कादंबरी स्वतः छापू का? पूर्णवेळ लिहिण्यासाठी नोकरी सोडू का? तुम्हाला सुचतं कुठून? आणि कादंबरीतली आई म्हणजे माझीच आई, हे गावात सगळ्यांना कळणार, त्याचं काय करू?

मी भूमी अभिलेख खात्यात ३१ वर्षं भूकरमापक, म्हणजे जमिनी मोजणारा, होतो. बार्शी, माढा, करमाळा या तालुक्यांत नोकरी झाली. पाच कादंबऱ्या लिहिल्या. पहिली प्रकाशकाला पैसे देऊन छापून घेतली, पुढच्या चार स्वतः काढल्या. त्या अनुभवावरूनच उत्तर देतो.

ताई, नोकरी सोडू नका. पैशाचा हिशोब पुढे मांडतोच, पण माझं पहिलं कारण पैशाचं नाही. तुमच्या वर्गात आजही दिवाळीनंतर अर्धे बाक रिकामे होत असतील. कोणतं पोर आईबापाबरोबर उसाच्या फडावर गेलं, कोणतं आजीकडे राहिलं, कुणाला हंगामी वसतिगृहात जागा मिळाली, हे हजेरीपत्रक तुमच्या हातात आहे. दुसऱ्या लेखकाला हे गोळा करायला वर्षं लागतील, आणि गोळा केलं तरी ते ऐकीव राहील. तुमच्यासमोर ते रोज साडेदहाला येऊन बसतं. ही जागा सोडून घरी टेबलाशी बसलात, तर वेळ भरपूर मिळेल. पण त्या वेळात लिहायला जे लागतं ते शाळेच्या फाटकाबाहेर राहील.

सुचतं कुठून, या प्रश्नाचं माझं उत्तरही इथेच आहे. साधारण १९९४ची गोष्ट. माढा तालुक्यातल्या एका गावात दोन भावांच्या राहत्या घराची मोजणी होती. मोठं माळवदाचं घर, मधोमध भिंत घालून दोन केलेलं. भावांचं बोलणं बंद. कोर्टात दावा चालू. मी टेप धरून भिंतीने जात होतो. भिंत सरळ यायला हवी होती, पण मधल्या सोप्यात ती एका ठिकाणी हातभर वळली होती आणि पुन्हा ओळीवर आली होती. त्या वळणात एक जातं होतं, जमिनीत पक्कं रोवलेलं. थोरल्याला विचारलं, "इथं भिंत अशी का?" तो म्हणाला, "आईचं जातं हाय." पलीकडे जाऊन धाकट्याला विचारलं. त्यानेही तेच सांगितलं, त्याच तीन शब्दांत. आई जाऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती. दळण गिरणीतून यायचं. त्या जात्यावर कुणी बसत नव्हतं.

मी ते वळण नकाशात मापाने काढलं. माझं काम तिथे संपलं. खात्याला एवढंच हवं होतं की हद्द कुठे आहे. एका बोटाच्या जागेसाठी भांडणारे हे दोघे एका मेलेल्या बाईचा शब्द कसे पाळतात, हे लिहायला मोजणीच्या कागदावर रकाना नव्हता. शर्टाच्या खिशात मावणारी माझी एक वही असायची, तिच्या मागच्या पानावर मी लिहिलं, "भिंत जात्यापाशी वळली." या एका ओळीवर माझी दुसरी कादंबरी उभी आहे. पण ती लिहायला नऊ वर्षं लागली, आणि ती का लागली हे तुम्हाला सांगायला हवं. कारण नवीन लिहिणारे इथेच फसतात.

माझ्याकडे होतं ते चित्र. चित्र सापडलं की आपल्याला वाटतं कादंबरी सापडली. मी लगेच लिहायला बसलो आणि वीस पानांत संपलो. भिंत कधी घातली, कुणी घातली, गवंड्याने जातं उचलायला सांगितलं तेव्हा काय झालं, सुनांना ते जातं हवं होतं का, यातलं मला काही ठाऊक नव्हतं. मग पुढची वर्षं मी प्रत्येक वाटणीत एकच गोष्ट पाहत गेलो: लोक काय वाटून घेत नाहीत. शेत वाटतात, विहिरीचं पाणी पाळीने वाटतात, भांडी मोजून घेतात. पण देवघर, उंबरा, दारातलं लिंबाचं झाड, गाडलेल्या बैलाची जागा, यांच्यापाशी आवाज खाली येतात. बांध कोरणारा माणूसही तिथे थबकतो. अशा जागांची यादी माझ्या वहीत चाळीसपर्यंत गेली, तेव्हा कुठे त्या घरातल्या दोन सुना मला बोलताना ऐकू आल्या. माझ्या अनुभवात प्रेरणा अशीच येते. कामात एक प्रश्न अडकतो, काम संपलं तरी तो सुटत नाही, आणि मग त्याच प्रश्नाची माणसं आपल्याला जागोजाग दिसायला लागतात.

तुमच्या पत्रात एक वाक्य आहे. आई फडावर जाताना दिव्याची वात लांब कापून ठेवायची, म्हणजे तुम्ही ती रोज थोडी वर सारायची आणि ती संपत आली की आई येणार. तुम्ही ते कंसात लिहिलं आहे, सहज. माझ्या मते तुमची कादंबरी तिथे आहे. वात संपली आणि आई आली नाही, असं एखाद्या वर्षी झालं का? तोडणीचा हंगाम लांबला म्हणून मुकादमाने टोळी थांबवली का? आगाऊ घेतलेली उचल फिटली नव्हती का? हे तुमच्या हस्तलिखितात आधीच असेल तर फार चांगलं. नसेल तर छापायची घाई करू नका.

वाचनाचंही विचारलंत. कुर्डुवाडी-बार्शी-लातूर ही छोटी रेल्वे माझ्या लहानपणी अजून धावत होती. १८९७ साली सुरू झालेली ती अडीच फुटी लाइन. वडील त्याच रेल्वेत पॉइंट्समन. स्टेशनवर येणाऱ्या-जाणाऱ्यांकडून आणि भाड्याने पुस्तकं देणाऱ्या टपरीतून मी बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा वाचल्या. त्यांनी हजाराहून अधिक लिहिल्या, मी शंभरेक तरी वाचल्या असतील. प्रकरण कुठे तोडायचं हे मी त्यांच्या झुंजार आणि काळा पहाड या नायकांकडून शिकलो आणि ते ऋण मी मनापासून मानतो. पुढे कॉलेजात व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' हाती लागली. १९५५चं पुस्तक. माणदेशातल्या धनगरवाडीवर एक पोरसवदा मास्तर शाळा उघडायला जातो, इतकीच गोष्ट. पण तो मास्तर वाडीला शिकवायला गेलेला असतो आणि पानापानावर स्वतः शिकत जातो. तुम्ही शिक्षिका आहात म्हणून मुद्दाम सांगतो, हे पुस्तक लिहिणाऱ्याच्या नजरेने पुन्हा वाचा. वाडीबद्दल मत कुठेच दिलेलं नाही, तरी शेवटच्या पानावर आपल्याला वाडी सोडवत नाही.

आणि हरी नारायण आपटे. स्वतः छापणं म्हणजे काहीतरी कमीपणाचं, प्रकाशकाने नाकारलेल्याचं काम, असं तुम्हाला कुणीतरी सांगितलेलं दिसतं. आपट्यांनी १८९०मध्ये पुण्यात 'करमणूक' हे स्वतःचं साप्ताहिक काढलं आणि 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी त्यात आठवड्या-आठवड्याने दिली. यमू नावाच्या मुलीच्या तोंडून, तिच्या घरगुती बोलीत. वाचक पुढच्या अंकाची वाट पाहायचे आणि लेखक पुढचं प्रकरण लिहायचा. मराठी कादंबरी मोठी झाली ती अशी, लेखकाने स्वतः वाचकापर्यंत जाऊन. त्यांच्या काही कादंबऱ्या अपुऱ्याही राहिल्या, आणि दर आठवड्याच्या ओझ्याखाली काय होऊ शकतं हे त्यातून कळतं. सध्या मोबाइलवर भागाभागाने कादंबरी लिहिणाऱ्या मुलांना मी हे नेहमी सांगतो: भाग टाकायला लागा, पण शेवट लिहून ठेवल्याशिवाय पहिला भाग टाकू नका.

माझा दिवस कसा जातो, असंही एका ओळीत विचारलंत. नोकरीत असताना पहाटे साडेचार ते साडेसहा. रोज तीनशे-साडेतीनशे शब्द, फुलस्केप वहीत, एका बाजूला. साठ हजार शब्दांचा पहिला खर्डा सहा महिन्यांत व्हायचा आणि मग पुढची दोन-तीन वर्षं तो मोडण्यात जायची. मार्च ते मे मोजणीचा हंगाम, शेतं मोकळी असतात, तेव्हा लिहिणं बंद. फक्त खिशातली वही. माझ्या बायकोने माझ्या पाचही कादंबऱ्या पहिल्यांदा ऐकल्या आहेत, वाचल्या नाहीत. रात्री जेवणं झाली की मी मोठ्याने वाचतो आणि ती भाजी निवडते. तिचा हात थांबला की मी पेन्सिलने खूण करतो. ती काही बोलत नाही, पण खोटा संवाद आला की हात थांबतो. निवृत्तीनंतर दिवस मोकळा आहे, तरी पहाटेचे दोन तास सोडले तर मला लिहिता येत नाही, हेही तुम्हाला नोकरीचा निर्णय घेताना उपयोगी पडेल.

आता छापण्याचं. माझी पहिली कादंबरी २००३ची. एका छोट्या प्रकाशकाने ४० हजार घेतले, हजार प्रती छापू म्हणाला. मला दोनशे मिळाल्या. उरलेल्या गोदामात आहेत असं दोन वर्षं ऐकलं, नंतर त्याने फोन उचलणं बंद केलं. हजार खरंच छापल्या होत्या का, हे मला आजवर कळलेलं नाही. करार एका पानाचा होता, 'सर्व हक्क प्रकाशकाकडे' असा. मी रडकुंडीला आलो होतो, कारण मला वाटलं कादंबरीच गेली. मग कार्यालयाच्या कामात भेटणाऱ्या एका वकिलांनी १९५७चा कॉपीराइट कायदा उघडून कलम १९ दाखवलं. हक्क दुसऱ्याला देण्याचा करार लेखी आणि सहीचा लागतो. कोणते हक्क, किती मुदत, कोणत्या प्रदेशात आणि मोबदला किती, हे त्यात असावं लागतं. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता धरला जातो. माझ्या करारात मुदत नव्हती. २००८ साली पाच वर्षं झाली, मी रजिस्टर पत्र पाठवलं आणि कादंबरी परत माझी झाली. स्वतः काढलेलं माझं पहिलं पुस्तक म्हणजे तिचीच दुसरी आवृत्ती.

म्हणून ८५ हजारवाल्याला पैसे देण्याआधी त्याच्याकडून लेखी घ्या: प्रती किती छापणार, त्यातल्या माझ्या किती, उरलेल्या कुणाच्या मालकीच्या, विक्रीचा हिशोब वर्षातून कधी, आणि हक्क किती वर्षांसाठी. ई-बुक, ऑडिओ, अनुवाद, चित्रपट यांचे हक्क त्याच वाक्यात गुंडाळून देऊ नका. तो लेखी द्यायला टाळाटाळ करू लागला तर तुम्हाला उत्तर मिळालंच. दुसऱ्या प्रकाशकाबद्दल मात्र मनात राग धरू नका. आठ महिने हे फार नाहीत. चांगल्या प्रकाशकाकडे वाचणारी माणसं दोन-तीन असतात आणि बाडं शेकड्याने येतात. लेखकाकडून एक पैसा न घेता रॉयल्टी देणारे, संपादन मनापासून करणारे प्रकाशक मराठीत आजही आहेत. एक नम्र पत्र लिहा, अमुक तारखेपर्यंत कळवा असं सांगा, आणि ती तारीख उलटली की मोकळ्या मनाने स्वतःच्या तयारीला लागा.

स्वतः छापताना लोक सगळ्यात जास्त काटकसर करतात ती संपादनावर. छपाईचे पैसे दिसतात, संपादनाचे दिसत नाहीत. मी उलट सांगेन. कागद हलका घ्या, मुखपृष्ठ एका रंगात करा, पण संपादक आणि मुद्रितशोधक यांचे पैसे वाचवू नका. दोन्ही कामं वेगळी आहेत. संपादक सांगेल की सातवं प्रकरण काढा, आजीचा आवाज मध्येच शहरी होतो. मुद्रितशोधक सांगेल की 'पाणि' नव्हे 'पाणी'. माझ्या तिसऱ्या कादंबरीतली ५२ पानं संपादकांनी कापायला लावली. दोन आठवडे मी त्यांच्याशी बोललो नाही. मग कापली, आणि आज त्या पानांतलं एकही वाक्य मला आठवत नाही.

तुमचं लिखाण हाताने आहे, म्हणजे ते टाइप होईल. युनिकोडमध्येच करून घ्या आणि फाइल स्वतःजवळ ठेवा. बरेच डीटीपीवाले पानं लावायला अजून श्रीलिपीसारखे जुने फाँट वापरतात. युनिकोडमधून तिकडे नेताना 'ऱ्या' फुटतो, एखादा अनुस्वार उडतो, रफार शेजारच्या अक्षरावर जातो. म्हणून एक वाचन टाइप झाल्यावर, आणि एक पानं लागल्यावर. दुसरं वाचन अनेक जण टाळतात आणि 'दुसऱ्या' हा शब्द पुस्तकभर फुटका छापला जातो. प्रिंटच्या वेळी डेमी आकार सांगा, त्यात एक फॉर्म, म्हणजे एकदम छापून घडी घातला जाणारा कागद, सोळा पानांचा असतो, म्हणून एकूण पानं सोळाच्या पटीत आणायचा प्रयत्न करा. तुमची ३४० हस्तलिखित पानं छापून दोनशेच्या आसपास होतील, म्हणजे तेरा फॉर्म.

माझ्या २०१९च्या कादंबरीचा हिशोब वहीतून उतरवून देतो, पानं २०८, प्रती ५००. अक्षरजुळणी आणि मांडणी ६,२४०, मुद्रितशोधन ५,२००, मुखपृष्ठ ६,०००, संपादन १२,०००, छपाई-बांधणी कागदासह ३७,५००. एकूण ६६,९४०, म्हणजे एक प्रत १३४ रुपयांना पडली. किंमत ३२० ठेवली. दुकानदार-वितरक ४५ टक्के कापून घ्यायचे, हातात १७६. वाचकाला थेट २० टक्के सवलतीत दिली की २५६, त्यातून टपाल-पुठ्ठा वजा जाता २१०. थेट गेल्या ३१२, दुकानांतून १३०, भेट आणि परीक्षणासाठी ५८. अडीच वर्षांत सगळ्या संपल्या. हातात उरले साडेएकवीस हजारांच्या आसपास. महिन्याला सातशे रुपये. आणि हे माझं चांगलं चाललेलं पुस्तक आहे. आता नोकरीचं काय ते तुम्हीच ठरवा. आज कागद आणि छपाई दोन्ही महागलं आहे, त्यामुळे तुम्ही तीनशेच प्रतींनी सुरुवात करा. प्रत थोडी महाग पडेल, पण पलंगाखाली गठ्ठे राहणार नाहीत. फाइल तयार असली की पुढच्या शंभर डिजिटल छपाईवर काढता येतात.

आयएसबीएनसाठी, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकासाठी, कुणाला पैसे देऊ नका. राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन संस्था तो विनामूल्य देते, अर्ज ऑनलाइन करायचा. लेखकाला स्वतःच्या नावाने मिळतो. ई-बुक काढलंत तर त्याला वेगळा क्रमांक लागतो. प्रकाशक म्हणून तुमचंच नाव असेल, तेव्हा १९५४च्या कायद्याप्रमाणे प्रसिद्ध झाल्यापासून ३० दिवसांत कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय आणि मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालय धरून ठरलेल्या ग्रंथालयांना स्वखर्चाने प्रती पाठवायच्या असतात. हे बहुतेक जण विसरतात. मला मात्र हे काम फार आवडतं. आपण आज आहोत, उद्या नाही. ऊसतोडीला गेलेल्या बाईची गोष्ट कोलकात्याच्या त्या कपाटात राहील.

विक्रीचं माझं साधन एकच आहे, एक लांब खतावणी वही. थेट गेलेल्या प्रत्येक प्रतीपुढे वाचकाचं नाव, गाव, तारीख आणि त्याने पुस्तक कशासाठी घेतलं, एवढं लिहितो. पुढचं पुस्तक आलं की याच लोकांना आधी पत्र जातं. तिसऱ्या पुस्तकापर्यंत छपाईचे अर्धे पैसे आगाऊ नोंदणीतून जमू लागले. पूर्वी नोंदणीकृत बुकपोस्टने पुस्तक स्वस्तात जायचं; डिसेंबर २०२४मध्ये टपाल खात्याने ती सोय बंद केली, त्यामुळे आता पाठवणावळ किमतीत धरूनच चाला. तालुक्याच्या सार्वजनिक ग्रंथालयांत स्वतः जा. सरकारी वर्गवारीतल्या अ आणि ब वर्गाच्या ग्रंथालयांची खरेदी थोडी मोठी असते, पण मला सगळ्यात मनापासून वाचणारे वाचक ड वर्गाच्या एका खोलीच्या ग्रंथालयांत भेटले. बिलबुक बरोबर ठेवा, बिलाशिवाय त्यांना खरेदी दाखवता येत नाही. साहित्य संमेलनात गाळा घ्यायचा तर दोघातिघांनी मिळून घ्या. अमळनेरला २०२४मध्ये आम्ही चौघांनी एक टेबल वाटून घेतलं होतं, तीन दिवसांत माझ्या ६४ प्रती गेल्या आणि खतावणीत खानदेशातली तीस-बत्तीस नवी गावं आली. दिवाळी अंकांना एखादं प्रकरण कथा म्हणून पाठवा, पण मे-जूनपर्यंत. गणपतीत पाठवलेली कथा पुढच्या वर्षावर जाते. ई-बुक काढून ठेवा, त्यावर अवलंबून राहू नका. ऑडिओचा अनुभव मात्र मला चकित करून गेला. टेम्पो चालवणारे, पहाटे धार काढणारे लोक कादंबरी ऐकतात आणि फोन करतात. तुमच्या कादंबरीतल्या बोलीला ते माध्यम फार मानवेल.

आता आईचं. शेवटी ठेवलं, कारण बाकी सगळं पैशाने किंवा वेळाने निस्तरता येतं.

त्या जात्याच्या कादंबरीत मी गाव बदललं, भाऊ तीन केले, दाव्याचं कारण बदललं. तरी प्रसिद्ध झाल्यावर वर्षाच्या आत फोन आला. थोरल्याचा नातू बोलत होता. "ते जातं आमचं आहे ना?" मी हो म्हणालो, खोटं बोलवेना. पलीकडे बराच वेळ काही नाही. मग म्हणाला, "दोन प्रती पाठवा. एक चुलत्याकडे द्यायचीय, एकात भागणार नाही." मी दोन पाठवल्या, पैसे घेतले नाहीत.

पण तिसऱ्या कादंबरीच्या वेळी वेगळं झालं. एका बाईंनी मला मोजणीच्या पंचनाम्याला बसल्या-बसल्या त्यांच्या नवऱ्याबद्दल एक गोष्ट सांगितली होती. मी बाई बदलली, जात, गाव, वय सगळं बदललं, पण ती गोष्ट जशीच्या तशी ठेवली, कारण ती फार जिवंत होती. पुस्तक त्यांच्या हातात कसं पडलं ठाऊक नाही. त्यांनी ते टपालाने मला परत पाठवलं. चिठ्ठी नाही. एकशे अठराव्या पानाचा कोपरा दुमडलेला. त्या दुमडलेल्या कोपऱ्यापुढे माझा एकही युक्तिवाद टिकला नाही. नाव लपवलं म्हणून माणूस लपत नाही. त्याने विश्वासाने सांगितलेला एक प्रसंग त्याला उघडं करायला पुरतो. पुढच्या छपाईत ते पान मी बदललं. बाईंना ते पत्राने कळवलं, उत्तर आलं नाही, यायला हवं होतं असंही नाही.

मालती बेडेकरांनी १९३३मध्ये 'कळ्यांचे निःश्वास' विभावरी शिरूरकर या नावाने छापलं, आणि शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या मुलींच्या मनातलं त्या काळात लिहिणं त्या नावाआडून शक्य झालं. टोपणनावाची वाट आजही खुली आहे. पण तुमच्या बाबतीत ती उपयोगी पडेल असं मला वाटत नाही. ऊसतोडीची, अंबाजोगाईची, शिक्षिका झालेली मुलगी, एवढ्यावरून गाव ओळखेल. शिवाय तुम्हाला लपायचं आहे असं पत्रातून दिसत नाही. तुम्हाला आई दुखवायची नाही, एवढंच दिसतं.

तर पानं लागली, शेवटचं वाचन झालं, की छापखान्यात जाण्याआधी आठ दिवस मोकळे ठेवा. आईला वाचता येत नाही असं तुम्ही लिहिलंय. संध्याकाळी बसून मोठ्याने वाचून दाखवा, रोज दोन प्रकरणं. त्या हातात काहीतरी काम घेऊन बसल्या तर बसू द्या. त्या कुठे थांबतात, कुठे उठून आत जातात, ते पाहा. त्या जे काढायला सांगतील ते तिथल्या तिथे कापू नका आणि वादही घालू नका, पेन्सिलने खूण करा. माझा अंदाज आहे की तुम्हाला ज्या प्रकरणाची भीती वाटते तिथे त्या काही म्हणणार नाहीत आणि भलत्याच एखाद्या ओळीला म्हणतील, "हे नगं." ती ओळ काढा. कारण विचारू नका. आणि त्या मध्येच म्हणाल्या की असं नव्हतं झालं, खरं सांगू का, तर छपाई पुढे ढकला आणि वही घेऊन बसा.